विजेची छोटी गाडी : आपल्या अपेक्षा आणि आपली तयारी

(२०२५ च्या गणेशोत्सवात, चौथ्या दिवशी संध्याकाळी आरतीनंतर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. किमती, दर आणि नियम त्या दिवशीचे आहेत.)



 उद्या गौरी यायच्या आहेत, घरोघरी फराळाची कढई चढलेली आहे, तरी तुम्ही थांबलात. तेव्हा अर्ध्या तासाच्या वर बोलणार नाही.

कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीवर बोलतो. एकजण हसला. म्हणाला, "काका, गणपतीत गाडीवर भाषण?" मी म्हटलं, बाबा, गेले सहा महिने आपल्या मंडळात दोन माणसं भेटली की तिसरं वाक्य हेच असतं : "थांबू का घेऊ? पेट्रोलची घेऊ का करंटची?" दहा-बारा लाखांचा प्रश्न आहे. कापसाच्या दोन-तीन हंगामांची शिल्लक त्यात जाते. मग त्यावर चार माणसांत बोलायला काय हरकत आहे?

मी इंजिनिअर नाही. पण बैल घेताना आपण दात बघतो, खांदा बघतो, चार पावलं चालवून बघतो. परवाच पोळा झाला. तेवढीच चिकित्सा या गाडीची करावी, इतकंच माझं म्हणणं आहे.

आधी मे महिन्यात आमच्या घरी काय झालं ते सांगतो.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, नागपूरला असते. लग्नासाठी म्हणून भाचा तिला आणि मुलाबाळांना घेऊन स्वतःच्या विजेच्या गाडीने इकडे निघाला. नागपूर ते आपलं तलमडुगु म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. गाडीची बॅटरी ३५ किलोवॉट-तासांची. हा शब्द ऐकून घाबरू नका. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या मीटरवरचं एक युनिट. ३५ युनिट मावणारी टाकी, असं समजा. कंपनीच्या कागदावर लिहिलेलं, एका चार्जमध्ये चारशेच्या वर किलोमीटर. म्हणून पोरगा निर्धास्त होता.

ऊन चव्वेचाळीस अंश. गाडीत पाच माणसं, वर आहेराचं सामान, एसी पूर्ण आणि चव्वेचाळीस नंबरच्या हायवेवर नव्वदचा वेग. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की आकडा फार झपाट्याने उतरतोय. मोबाईलमध्ये दाखवत होता त्या चार्जरवर गेला तर तो बंद. मग एसी कमी, वेग साठ, आणि आक्का पदराने वारा घेत बसलेली. घरी पोचला तेव्हा ११ टक्के उरले होते.

पुढचं आणखी ऐका. अंगणात आणून आमच्या मोटरच्या मोठ्या सॉकेटला वायर लावली, तर चार्जरवर लाल दिवा. गाडी करंट घेईना. सगळे गाडीला नावं ठेवायला लागले. वायरमन आला, त्याने तपासलं, म्हणाला, "गाडी बरोबर आहे, तुमची अर्थिंग मेली आहे." वीस वर्षांपूर्वी पुरलेली अर्थिंग. मे महिन्यात जमीन भेगाळलेली, खड्ड्यात ओल नाही. फ्रिज, कूलर, मिक्सर, सगळं त्याच अर्थिंगवर चालत होतं, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. या गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो, ती नसेल तर काम सुरूच करत नाही. म्हणजे त्या गाडीने आम्हाला उलट सावध केलं. नवीन खड्डा, कोळसा, मीठ, पाणी, एवढं झाल्यावर हिरवा दिवा लागला.

जाताना भाचा म्हणाला, "मामा, आता पुढच्या वेळी बघू." हे "बघू" माझ्या मनाला लागलं. बहिणीचं माहेरी येणं एका सॉकेटवर अडलं, तर तो दोष गाडीचा का आपला?

तेव्हा आज मी दोन गोष्टी बोलणार आहे. येणाऱ्या गाडीकडून आपण काय मागावं, आणि गाडीने आपल्याकडे काय मागितलं तर आपण तयार आहोत का.

आता "येणारी गाडी" म्हणजे कोणती? छोटी, चार मीटरच्या आसपासची, पण सपाट कारपेक्षा थोडी उंच, आत पाच माणसं बसतील अशी. हिला क्रॉसओव्हर म्हणतात. आपल्या खेड्यापाड्यातल्या रस्त्यांना तीच सोयीची. गेल्या पाच वर्षांत काय घडलं ते थोडक्यात बघा. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन विजेवर आली, किंमत १३.९९ लाखांपासून. ही गाडी रांजणगावला तयार होते, म्हणजे अष्टविनायकातल्या महागणपतीच्या गावी! २०२२ मध्ये टियागो आली, ८.४९ लाखांपासून, पण ती ठेंगणी. जानेवारी २०२४ मध्ये पंच विजेवर आली, २५ आणि ३५ युनिटांच्या बॅटरीत, १०.९९ लाखांपासून. त्याच वर्षी सप्टेंबरात एमजीची विंडसर आली. तिने गाडीची किंमत ९.९९ लाख ठेवून बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये असं वेगळं लावलं.

आणि हा महिना बघा. १५ ऑगस्टला मुंबईत महिंद्राने चार नवे नमुने दाखवले. त्यांतला एक चार मीटरच्या आतला. त्याच सांगाड्यावर पेट्रोल, डिझेल आणि वीज, तिन्ही बसवता येतील म्हणतात. प्रत्यक्ष गाड्या २०२७ पासून. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, २६ ऑगस्टला, गुजरातेत हंसलपूरला पंतप्रधानांनी मारुतीच्या पहिल्या विजेच्या गाडीला हिरवा झेंडा दाखवला. ती थोडी मोठी, सव्वाचार मीटरची. म्हणजे टाटा, महिंद्रा, मारुती, तिघेही मैदानात. तेव्हा "थांबू का?" हा प्रश्न खरा आहे.

आता आपल्या अपेक्षा.

पहिली, आकडा खरा सांगा. कागदावरचा पल्ला प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. तिथे आपली मंडळी, सामान आणि मे महिना नसतो. टाटांनीच नेक्सॉनच्या ४५ युनिटांच्या बॅटरीसाठी कागदावर ४८९ किलोमीटर सांगितले आणि रोजच्या वापरात साडेतीनशेच्या वर मिळतील असंही वेगळं सांगितलं. म्हणजे रुपयाचे बारा आणे. हा हिशेब सगळ्या गाड्यांना लावा. पंचचा ३५ युनिटांचा कागद ४२१ सांगतो, तुम्ही तीनशे धरा. हायवेवर, उन्हाळ्यात, भरल्या गाडीत अडीचशे धरा. भाच्याच्या गाडीने एका युनिटात सात किलोमीटर दिले. गाडी खोटी नव्हती, आमचा हिशेब खोटा होता.

दुसरी, उंची आणि चाक. पंचला जमिनीपासून १९० मिलिमीटर उंची आहे, यापेक्षा कमी आपल्याला चालणार नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेला बॅटरी खाली घासली तर तो साधा पत्रा नाही. आणखी एक : विजेच्या अनेक गाड्यांत स्टेपनी देत नाहीत, पंक्चर दुरुस्तीचा डबा देतात. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात आपण स्टेपनी मागायची, किंवा वेगळी घेऊन ठेवायची. आणि बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते अशी चाचणी असते, हे खरं. पण तो नाल्यात गाडी घालायचा परवाना नव्हे. परवा कामारेड्डीकडे हायवेची काय दशा झाली ते आपण टीव्हीवर पाहिलं. पाण्यापुढे कोणतीच गाडी शहाणी नाही.

तिसरी, उष्णता. आपल्या आदिलाबादला थंडीही कडक आणि ऊनही कडक. बॅटरीला थंड ठेवणारी पाण्याची व्यवस्था, म्हणजे लिक्विड कूलिंग, आहे का ते विचारा. नसेल तर ती गाडी आपल्या हवेची नाही.

चौथी, हमी. बॅटरी म्हणजे गाडीचा अर्धा जीव आणि किमतीचा मोठा भाग. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही हमी आता नेहमीची झाली आहे. यंदा जुलैत टाटांनी ४५ युनिटांच्या नेक्सॉनला आणि कर्व्हला पंधरा वर्षांपर्यंतची हमी जाहीर केली, पण ती पहिल्या मालकाला. आपल्याकडे गाडी भावाकडून भावाकडे, मामाकडून भाच्याकडे जाते. तेव्हा नाव बदललं की हमी किती उरते, हे लेखी घ्या.

पाचवी, दुरुस्ती. शोरूम चकचकीत असून उपयोग नाही. विजेच्या गाडीचं काम शिकलेला माणूस आदिलाबादला आहे का, का प्रत्येक वेळी गाडी ट्रकवर घालून नागपूर-हैदराबादला न्यायची, हे पैसे देण्याआधी विचारायचं. उत्तर तोंडी मिळालं तर ते उत्तर नव्हे.

आता पैशाचं बघू. माता-भगिनींनी हा भाग नीट ऐकावा, कारण घरचा हिशेब त्याच ठेवतात.

मे महिन्यातल्या त्या प्रकारानंतर मी एक वही केली. घरची जुनी गाडी कुठे गेली, किती किलोमीटर, एवढंच लिहायचं. जून ते आजपर्यंत, तीन महिने. गाडी ४४ वेळा बाहेर पडली. त्यातल्या ३९ फेऱ्या आदिलाबादच्या : बाजार, बँक, दवाखाना, नातवंडांची शाळा. जाऊन-येऊन पंचेचाळीसच्या आसपास. तीन फेऱ्या किनवटच्या. नांदेड एकदा, नागपूर एकदा. एकूण सुमारे २,८०० किलोमीटर. म्हणजे ४४ पैकी ४२ फेऱ्या अशा की छोटी विजेची गाडी रात्री घरी लावली तर बाहेर कुठे चार्जर शोधायची गरजच नाही. आदिलाबादची फेरी म्हणजे सात-आठ युनिट, घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर अडीच-तीन तास. आणि मी मात्र आयुष्यभर त्या उरलेल्या दोन फेऱ्यांची चिंता करत बसलो होतो!

खर्च बघा. पेट्रोल लीटरला १०८ धरा, गाडी पंधराचं अ‍ॅव्हरेज देते असं धरा. किलोमीटरला सव्वासात रुपये. विजेचं वरच्या टप्प्याचं युनिट नऊ रुपये धरलं आणि चार्ज होताना वाया जाते ती धरून युनिटला सहा किलोमीटर धरले, तर दीड रुपया. वर्षाला आमच्यासारखे ११ हजार किलोमीटर चालणाऱ्याचे साठ हजारांवर वाचतात. विजेची गाडी तीन लाखांनी महाग असली तरी पाच वर्षांत फिटते. पण ज्याची गाडी वर्षाला चारच हजार किलोमीटर चालते, पोरं आली की निघते नाहीतर ताडपत्रीखाली झाकलेली असते, त्याचे वाचतात तेवीस हजार. त्याला फिटायला तेरा वर्षं लागतील. अशा माणसाने शेजाऱ्याच्या दारात उभी आहे म्हणून घेऊ नये. शिवाय १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करण्याचं सांगितलं आहे. विजेच्या गाड्यांवर तो आधीच ५ टक्के आहे. पेट्रोलवरचा उतरला तर दोघींतला फरक वाढेल. हेही ध्यानात असू द्या.

दुसऱ्या बाजूने तेलंगणा सरकारने नोव्हेंबर २०२४ पासून विजेच्या गाड्यांना रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क पूर्ण माफ केलं आहे. दहा लाखांच्या गाडीवर हा लाख-दीड लाखाचा मामला आहे. पण ही माफी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. आता गंमत बघा : जी गाडी २०२७ मध्ये येणार म्हणून आपण थांबलोय, ती येईपर्यंत माफी संपलेली असेल, सरकारने मुदत वाढवली नाही तर. तेव्हा "थांबतो" म्हणणाऱ्याने हे लाख-दीड लाख आपल्या थांबण्याच्या किमतीत धरावे. नवी गाडी तेवढ्याने चांगली किंवा स्वस्त असेल असं वाटत असेल तर खुशाल थांबा.

पलीकडे महाराष्ट्राने याच महिन्यात अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोल माफ केला, समृद्धी महामार्गालाही तेच धोरण आहे. आपल्यापैकी ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत त्यांच्या कामाची गोष्ट. पण म्हणून गाडी पलीकडच्या पत्त्यावर घेऊन इथे चालवायची, अशी हुशारी करू नका. जिथे राहतो तिथलीच पाटी लावावी.

आता गाडी आपल्याकडे काय मागते ते सांगतो.

एक, अर्थिंग. माझी कहाणी सांगून झाली आहे. गाडी घ्या किंवा न घ्या, उद्या वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. कूलरला हात लावून मुंग्या येतात ना? तीच ती सूचना. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. यात गाडीचा नाही, लेकराबाळांच्या जिवाचा प्रश्न आहे.

दोन, मंजूर भार. आपल्या पुष्कळ घरांचा भार एक-दोन किलोवॉट मंजूर आहे. गाडी एकटी तीन किलोवॉट ओढते. वीज कार्यालयात अर्ज करून भार वाढवून घ्यावा. एका गल्लीत चार गाड्या रात्री एकदम लागल्या तर डीपीचं काय होईल, तेही विचारात घ्यावं.

तीन, गृहज्योती. आपल्यातल्या काही घरांना महिन्याला २०० युनिटपर्यंत शून्य बिल येतं. आमच्या हिशेबाने गाडीला महिन्याला दीडशेवर युनिट लागतील. घरचे शंभर आणि गाडीचे दीडशे, म्हणजे दोनशेची रेघ ओलांडली. शून्याचं बिल एकदम पूर्ण बिल होईल. किलोमीटरला दीड रुपया म्हणताना हे विसरू नका.

चार, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. शेतातल्या पंपाला आपल्याला वीज फुकट मिळते. कुणाच्या तरी डोक्यात येणारच, गाडी मळ्यात नेऊन लावू. ज्या कामासाठी वीज दिली ते सोडून दुसऱ्या कामाला वापरणं २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये बसतं. दंडाची आकारणी होते. शिवाय मोटरच्या त्या पेटीतला करंट आज किती, उद्या किती, त्याचा भरवसा नाही. दहा लाखांची वस्तू तिथे लावू नये.

आणि रात्री-अपरात्रीचं काय, असं आजी-आजोबा विचारतील. बरोबर आहे. आमच्या घरी मी नियम सांगून ठेवलाय : गाडी घेतली तर चाळीस टक्क्यांखाली कधी झोपवायची नाही. तेवढ्यात आदिलाबादचं रिम्स गाठून दोनदा परत येता येतं. पण रात्री दोनला नागपूर गाठायची वेळ आली तर छोट्या गाडीवर विसंबू नका, रुग्णवाहिका बोलवा. खरं तर पेट्रोलच्या गाडीतही तेच करावं.

आता मंडळापुढे एक सूचना ठेवतो आणि थांबतो.

आपले आजे-पणजे इथे राहिले तेव्हा किनवट आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १९५६ मध्ये राज्यं बदलली, किनवट तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो. सोयरीक काही तुटली नाही. पैनगंगा ओलांडून लेकी तिकडे दिल्या, सुना तिकडून आणल्या. बैलगाडीने गेलो, मग एसटीने, रेल्वेने, मग स्वतःच्या गाडीने. आता आपली मुलं-भाचरं हळूहळू विजेच्या गाड्या घेतील. ती गणपतीला निघताना मोबाईलवर बघतील, मामाच्या गावाला गाडी लावायची सोय आहे का? नसेल तर म्हणतील, "बघू." माझ्या भाच्यासारखंच.

तेव्हा पुढच्या गणपतीच्या आत आपल्या सभागृहाच्या भिंतीवर चांगल्या अर्थिंगचं, वेगळ्या मीटरचं, पंधरा अँपिअरचं एक सॉकेट बसवावं. मोठा चार्जर नको, लाखो रुपयेही नकोत. जो गाडी लावील तो मीटर बघून युनिटाचे पैसे पेटीत टाकील. आणि एक फायदा सांगतो. नव्या अनेक गाड्यांत बॅटरीतला करंट बाहेर काढायची सोय असते, तीन किलोवॉटपर्यंत. ऐन आरतीत लाइन गेली तर पाहुण्याच्या गाडीवर आपल्या मंडपातले दिवे लागतील. जनरेटरच्या धुरातून बाप्पाचीही सुटका.

ज्याला गाडी घ्यायची आहे त्याने उद्यापासून एक वही करावी आणि तीन महिने आपल्या फेऱ्या लिहाव्यात. मग शोरूममध्ये जावं. तिथला माणूस त्याचे आकडे सांगेल, तुम्ही तुमची वही दाखवा.

अर्थिंगचं आणि सॉकेटचं काम मी माझ्याकडे घेतो. वर्गणीत माझे पहिले एक हजार लिहून घ्या. आक्काला मी फोनवर सांगून ठेवलंय, पुढच्या गौरींना ये, दिवा हिरवा लागेल.

मंगलमूर्ती मोरया!